बंद केलेलं ऊन

पेण, रामवाडी
रविवार, दि. १३ ऑक्टोबर १९९६

श्रीमती विमलबाई यांस,
नाथा मोकल याचा नमस्कार.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, पण तपासल्याशिवाय मी काही लिहीत नाही. तपासलेलं एवढंच: आमच्या मैनाचा, म्हणजे दिपिकाच्या आईचा, खोकला सहाव्या दिवशी थांबला. दिपिका पावणेदोन किलोने उतरली आहे. नातू अमोल याचा इसब गालांवरून गेला. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागच्या वळ्यांत आहे तसाच आहे. वरसेकडचं क्षेम आपण कळवावं.

माझं अक्षर बारीक. निकेशराव पहिल्या शिफ्टहून आले की त्यांना वाचून दाखवायला सांगावं, आणि जावईबापूंनी मधलं गाळू नये.

विषय बाटलीचा आहे.

मंगळवारी, ८ तारखेला, संध्याकाळी सव्वासातला लाईट गेले. मी टॉर्च शोधत होतो. मुलीची पेटी उघडायची मला सवय नाही, हे दिपिकाही सांगेल. पेटीत साड्यांच्या खाली, अमोलच्या जुन्या झबल्यात गुंडाळलेली एक तपकिरी बाटली मिळाली. पाऊण भरलेली. बूच काढलं तर माशाचा वास. या मुलापुरती माशाला बंदी आहे, हे आपणास माझ्या १४ जानेवारीच्या पत्राने कळवलेलं आहे.

मी विचारलं, "हे काय?"

दिपिका म्हणाली, "औषध आहे बाबा."

"कुणाचं?"

"अमोलचंच. आईंनी..." एवढं बोलून ती मैनाकडे बघायला लागली, आणि मैना घाईघाईने स्टो बंद करायला आत गेली. स्टो पेटलेला नव्हताच.

त्यावरून मी समजायचं ते समजलो. गौरी-गणपतीला दिपिका चार दिवस वरसेला आली होती. तेव्हा ही बाटली आपल्या घरातून निघाली. दिपिकाचं म्हणणं असं की सोबत एक चिठ्ठीही होती. मला चिठ्ठी मिळाली नाही. बाटली मी दुकानाच्या कपाटात कुलपात ठेवली आहे आणि "तपासून देतो" असं दिपिकाला सांगितलं आहे. तपासणी चालू आहे.

आपण म्हणाल, व्याह्यांना संशय फार. हो, आहे. संशयावरच माझं पोट चालतं. मी सातवी शिकलो, पुढचं सगळं जळक्या मोटारी उघडून आणि डिक्शनरी शेजारी ठेवून शिकलो. आज पेणपासून नागोठण्यापर्यंत कुणाचा पंप बसला तर माणूस मोकलकडे येतो. घरात करंट गळत असेल तर कुठे गळतो ते सांगायला देव येत नाही. एकेक लाईन सोडवायची आणि बघायचं. गळती थांबली की ती लाईन धरायची. अमोलच्या इसबाला मी हीच पद्धत लावली. पाचव्या महिन्यात त्याच्या गालांवर पहिल्यांदा लाल आलं तेव्हा रोह्याच्या एकाने मलम दिलं, दुसऱ्याने पावडर दिली, कारण कुणी शोधलं नाही. मी शोधायला घेतलं. साबण बंद केला. वरचं दूध बंद केलं. मग अंडं, मग सुकट-बोंबील, मग आपलं ते खोबरेलाचं मालीश, आणि घाम आला की पोर खाजवतं म्हणून मालिशीनंतरचं अंगणातलं ऊन. दर रविवारी, आधी वरसेला येऊन आणि जूनपासून दिपिका पोराला घेऊन इकडे आल्यावर घरीच, ट्रेसिंग पेपरवर त्याच्या अंगाची आकृती काढून लाल पेन्सिलने चट्टे भरतो. अशा एकसष्ट आकृत्या माझ्याकडे आहेत. कुठल्या डॉक्टरकडे आहेत?

तरी आपण गणपतीत सगळ्यांसमोर म्हणालात, "व्याही, पोर हाय ते, पंप नाय." लोक हसले. मीही हसलो. पण विसरलो नाही.

आणखी एक. आमच्या शेजारच्या शकूने सहज बोलता बोलता सांगितलं की मी दहाला दुकानात गेलो की गच्चीवर गोधडी पडते आणि तिच्यावर पोर उघड्या पायांनी लोळतं. गुरुवारी मी दहा वाजून वीस मिनिटांनी न कळवता परत आलो. गच्चीवर कुणी नव्हतं. गोधडी घडी घालून आत ठेवलेली. हात घातला तर गरम. सावलीतली गोधडी गरम नसते. मैनाला विचारलं तर म्हणते, "उन्हात न्हेऊ नको, तेल लावू नको, मासली देऊ नको. मंग पोराला देऊ काय, तुमची वायर?" गच्चीच्या दाराला त्याच दिवशी कुलूप लावलं.

तेव्हा मला सरळ उत्तर हवं आहे. बाटलीत काय आहे? ती कुणी दिली? उन्हात ठेवायला दिपिकाला कुणी शिकवलं? आणि निकेशराव धाटावच्या केमिकल कंपनीतून आल्यावर युनिफॉर्मसकट पोराला उचलतात की कपडे बदलून? हे शेवटचं मी पूर्वी दोनदा विचारलं आहे. पोराची कातडी पूर्ण बरी होईपर्यंत मी त्याला वरसेला पाठवणार नाही, हेही या पत्राने कळवतो.

आपला व्याही,
नाथा पोशा मोकल
(मोकल मोटार वाइंडिंग, रामवाडी)

ता. क. वीस महिन्यांचा झाला तरी अमोल उभा राहत नाही, अशी चर्चा आपल्याकडे चालते असं कळतं. दिपिकाही उशिरा चालली होती. मी त्याच्यासाठी पांगुळगाडा करतो आहे. सागाचा, आणि चाकांना बेअरिंग.


पेण
सोमवार, दि. ४ नोव्हेंबर १९९६

श्रीमती विमलबाई यांस,

नमस्कार. हे पत्र निकेशरावांनी वाचावं, दिपिकाने नको.

शुक्रवारी मी वडखळला एका बागेच्या पंपावर गेलो होतो. चारला परत आलो तर घरात मैना एकटी. निकेशराव जीप घेऊन आले आणि माझ्या मुलीला, नातवाला घेऊन गेले. मी घरात नसतानाच्या वेळी आले. योगायोग म्हणायला मी तयार नाही. वडखळचा पंप मुळात बिघडलाच नव्हता, फ्यूज गेला होता. मला तिकडे कुणी बोलावलं, कुणाच्या सांगण्यावरून बोलावलं, याची मी चौकशी करतो आहे.

गुरुवारी जे झालं ते आपल्यापर्यंत चार तोंडांनी गेलं असेल, म्हणून जसं झालं तसं लिहितो. गाड्यात दोष नाही. फरशीला लेव्हल लावून बघितली होती. गाडा उलटला नाही, घसरला नाही. मी अमोलला काखेत धरून उभं केलं. त्याने दांडा धरला. तो रडत होता, पण रोजच रडायचा. मी हात सोडले. दोन सेकंद तो उभा होता. मग डावा पाय खाली दुमडून बसला. बसताना आवाज आला. लाकडाचा नव्हता.

एवढ्याशा बसण्याने हाड तडकत नाही. मुलं दिवसातून वीसदा बसतात. तेव्हा हे हाड आधीच दुखावलेलं असणार. गौरींच्या चार दिवसांत तो आपल्याकडे पडला होता का? झोपाळ्यावरून? कुणाच्या कडेवरून? आपलं घर भरलेलं होतं, पाहुणे होते, पत्ते चालू होते. खरं सांगावं. मी पोलिसांत जाणार नाही. मला फक्त कळायला हवं.

आणि बाटली माझ्याकडेच आहे. तिच्यात काय आहे ते मी शोधल्याशिवाय राहणार नाही.

नाथा मोकल


पेण
रविवार, दि. २४ नोव्हेंबर १९९६

विमलबाई,

दिवाळी गेली. आपलं पत्र नाही, निकेशरावांचं नाही. हे पत्र दिपिका वाचून दाखवत असेल तर असू दे. मागच्या वेळी मी तिला वाचू नको म्हटलं होतं. या वेळी तीच वाचत असेल असं धरून लिहितो आहे.

सोमवारी, १८ तारखेला, मी रोह्याला आलो होतो. कुणाला सांगितलं नाही. वरसेला आलो नाही. सात चाळीसची एसटी धरली आणि दहाच्या आत ज्युडिथबाई रोहेकरांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. त्यांचं नाव मला कुठून कळलं ते पुढे लिहितो.

बसलो तो पेशंट म्हणून नाही, पाळतीवर बसलो. तासभर बसलो. भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचलं, साल बघितलं, सही बघितली. बाई आतल्या पेशंटला काय सांगतात ते कान देऊन ऐकलं. कुठेतरी चुकतील, थाप मारतील, एखादं महागडं टॉनिक माथी मारतील, याची वाट बघत होतो. एका बाईला त्या म्हणाल्या, "टॉनिक नको गो. भात-आमटी दे, अंडं दे, झालं." ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

माझा नंबर आला. बाई पन्नाशीच्या असतील, चष्म्याला दोरी. म्हणाल्या, "पेशंट कुठंय?"

मी बाटली टेबलावर ठेवली.

त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली. "ही मी दिलेली. कुणाची?"

"अमोल निकेश. वरसे."

"म्हणजे तुम्ही पेणचे आजोबा. आकृत्यावाले." म्हणजे माझी कीर्ती तिथवर पोचली होती. मग त्यांनी बाटली हलवून पाहिली. "सप्टेंबरात दिली होती. आतापर्यंत संपायला हवी होती. एवढी भरलेली कशी?"

मी म्हणालो, "हरवली होती."

बाईंनी बाटली स्वतःच्या बाजूला ओढून ठेवली. कपाटातून त्यांनी मोठं पाकीट काढलं आणि अमोलच्या मनगटाचा गणपतीतला एक्स-रे फोटो खिडकीच्या काचेला लावला. हाडाचं टोक जिथे साफ कापल्यासारखं दिसायला हवं, तिथे ते कपासारखं पसरलेलं आणि कडेला विसविशीत होतं. मोटारीच्या कॉइलची सुटलेली टोकं असतात ना, तशी कडा. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"रक्त मुंबईला पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "ड जीवनसत्त्व पाच आलं. दहाच्या खाली गेलं की मला काळजी वाटते."

"मशीन बरोबर असतं कशावरून?"

"मशीनवर नका विश्वास ठेवू. हाडावर ठेवा." असं म्हणून त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

मग मी मुद्द्याचं विचारलं. "म्हणजे हे ड कमी, म्हणून इसब झाला?"

मला तसं उत्तर हवं होतं, विमलबाई. खोटं कशाला बोलू? तसं असतं तर दोष शरीरातल्या एका कमतरतेवर गेला असता आणि मी मोकळा झालो असतो.

बाई म्हणाल्या, "तसं मी म्हणणार नाही. इसबाचं आणि याचं नातं आहे की नाही, ते माझ्याहून शिकलेल्यांनाही नीट ठाऊक नाही. मला दिसतं ते एवढंच, की इसब झाला म्हणून पोराला घरात कोंडलं, दूध-अंडं-मासे तोडले, वर चार महिने पावसाळा. ड राहणार कुठून? तुमच्या विहीणबाई जूनपर्यंत चोरून ऊन दाखवत होत्या, तेवढंच त्याच्या अंगी लागलं."

मी म्हणालो, "उन्हाने खाज वाढते. माझ्याकडे नोंदी आहेत."

"वाढते काही पोरांची. मग कोवळं ऊन घ्यायचं, थोडं घ्यायचं, नंतर पुसून मलम लावायचं. कुणी म्हटलं भर दुपारी तळा?" आणि हसून म्हणाल्या, "आमच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शनवार पाळणारे ज्यू तेली आम्ही. पण तेलाने सगळं बरं होतं असं तेसुद्धा म्हणत नसत. तुम्हाला मात्र सगळ्याचं एकच कारण हवं असतं, नाही?"

फी विचारली तर म्हणाल्या, पेशंट आणला नाहीत, फी कसली. प्लास्टर २ डिसेंबरला निघेल, इंजेक्शन दिलं आहे, हाड धरतंय, असं त्यांनीच सांगितलं. हे मला परक्या बाईकडून कळलं, पण तक्रार करत नाही.

परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत मी त्यांची चूक शोधत होतो. सापडली नाही. मग माझी शोधायला लागलो, ती लगेच सापडली.

गळती शोधताना एक लाईन सोडवली, बघितली, गळती थांबली नाही, तर ती लाईन परत जोडायची आणि मगच पुढच्या लाईनला हात लावायचा. हा पहिला नियम. माझ्याकडे जो जो काम शिकायला आला त्याला पहिल्या दिवशी मी हेच सांगितलं. अमोलची एकही लाईन मी परत जोडली नाही. साबण तोडला, इसब थोडा उतरला, मला वाटलं सापडलं. पुन्हा चढला, म्हणून दूध तोडलं. अंडं तोडलं. जोडून बघायची छाती झाली नाही, कारण जोडल्यावर काहीच बिघडलं नाही तर १४ जानेवारीचं माझं पत्र चूक ठरलं असतं. ते पत्र आपल्या भिंतीवर लावायला लावलं होतं मी. एक वेळ पोराचं अंग चूक ठरलं तरी चालेल, पत्र चूक ठरायला नको, असं माझ्या मनाने कधी ठरवलं ते मला सांगता येणार नाही.

आता डॉक्टरीणबाईंचं नाव कुठून कळलं ते.

चिठ्ठी मिळाली नाही, असं मी आपणास लिहिलं होतं. चिठ्ठी बाटलीलाच रबराने लावलेली होती. वर नाव-पत्ता छापलेला. खाली तीन ओळी इंग्रजीत. व्हिटॅमिन डी कमी, मुडदूस, माशाच्या तेलाचे रोज किती थेंब, आणि सकाळी पायांवर ऊन. मी इंग्रजी अडखळत वाचतो, पण एवढं वाचतो. मंगळवारी, ८ तारखेला, लाईट आल्यावर मी माझं बालरोगाचं पुस्तक काढलं. त्यात मुडदुसाचं पान आहे, आणि पानावर एका मुलाचं चित्र आहे. मनगटं जाड, पाय धनुष्यासारखे. आतल्या खोलीत अमोल झोपला होता. मी जाऊन त्याचं पांघरूण बाजूला केलं, पाय बघितले आणि पांघरूण परत घातलं. पुस्तक ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी बाटली दुकानात नेऊन कुलपात ठेवली.

म्हणजे बाटलीत काय आहे हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. आपणास प्रश्न विचारत होतो तेव्हाही ठाऊक होतं. गच्चीला कुलूप लावलं तेही ठाऊक असून लावलं. आणि गाडा त्याला चालायला शिकवायला केला नव्हता. त्याचे पाय चांगले आहेत हे मला बघायचं होतं. बाकीच्यांना दाखवायचं होतं. रोज तो रडायचा तेव्हा मी मिनिटं मोजायचो. ८ ते ३१ तारीख. तेवीस दिवस त्याच्या तोंडात एक थेंब गेला नाही, आणि त्या पायांवर मी त्याला उभा करत होतो.

तो आपल्याकडे कधी पडला नव्हता. वडखळचा पंप खरंच बंद होता. ती माणसं साधी आहेत, त्यांना फ्यूज कळला नाही. निकेशरावांबद्दल मी जे लिहिलं त्याची माफी त्यांच्यासमोरच मागायला हवी. त्यांचा युनिफॉर्म वेगळा धुवावा असं मला अजूनही वाटतं. पण ते डॉक्टरीणबाईंना विचारा. मला विचारू नका.

बाटली त्यांनी ठेवून घेतली. मैनाला मी परवा सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मला म्हाईत व्हतं तुमी वाचलंव. तुमी वाचल्याबिगर कागूद ठेवता कदी?" त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पाणी देते, बोलत नाही.

२ डिसेंबरला मी रोह्यात येणार नाही. यावंसं वाटतं. दवाखान्याच्या समोर उभं राहून लांबून बघावं असंही मनात आलं. पण पाळत ठेवून बघणं आता पुरे.

दिपिका, हे तुझ्यासाठी. आईंना पुढचंही मोठ्याने वाचून दाखव. त्यांच्यापासून लपवायचं काही उरलेलं नाही. रोज संध्याकाळी मी दुकानातून आलो की तू विचारायचीस, "बाबा, तपासलंत का?" मी म्हणायचो, "चालू आहे." तू लगेच मान हलवायचीस. एकदाही उलटून विचारलं नाहीस. घरात सगळ्यांवर संशय घेणारा एक मी होतो, आणि माझ्यावर संशय न घेणारी एक तू. तो संशय तुझ्या मनात आता आला असेल. तो राहू दे. मी रडलो, आजारी पडलो, आई मध्ये पडली, तरी काढू नकोस. कधी अमोलला माझ्याकडे देशील तर आधी माझे हात बघ, खिसे बघ, मी काय वाचलंय आणि काय लपवलंय ते विचार. उत्तर पटलं तर दे. नाही पटलं तर पोर घेऊन घरात जा आणि मला उंबऱ्याबाहेर उभं ठेव. मी कारण विचारणार नाही.

नाथा